दहापैकी दहा

आनंद मोजता येतो, हे विज्ञानाने मान्य केले आहे. तो माणसामाणसांत कमीजास्त असावा, एवढीच अट.

दक्षिण नायजेरियातल्या आमच्या विद्यापीठात एबिएरेने प्रबंधासाठी 'धार्मिकता आणि आनंद' हा विषय घेतला. मी तिची मार्गदर्शक. (विषय मीच सुचवला. सोपा आहे, असेही म्हणाले होते.) शुक्रवारपर्यंत प्रबंध दिला नाही, तर तिचे वर्ष वाया जाणार होते.

तिने चारशे विद्यार्थ्यांना प्रश्नावली दिली. आठवड्यातून प्रार्थना किती वेळा करता? उत्तरे दोनपासून पस्तीसपर्यंत आली. उत्तम. दहापैकी किती आनंदी आहात? चारशेही जणांनी दहाभोवती गोल काढला. त्यांत नऊ दिवस वीज नसलेल्या वसतिगृहातले एकशे बारा, प्राध्यापकांच्या संपांमुळे चार वर्षांची पदवी सातव्या वर्षी शिकणारे त्र्याण्णव आणि मलेरियाने दवाखान्यात पडलेला एकजण होता. (त्याने सलाइन लावलेल्या हाताने दोनदा गोल काढला.)

याला खोटेपणा म्हणू नये. आमच्याकडे तोंडून निघालेले वाईट खरे ठरते, असे मानतात. म्हणून तापाने फणफणलेला माणूसही 'मी ठणठणीत आहे' असेच सांगतो. परंतु सगळी उत्तरे सारखी आली, की संख्याशास्त्राला शून्याने भागावे लागते, आणि ते प्रार्थनेनेही जमत नाही.

"एक नऊ आण," मी म्हणाले. "एकच."

एबिएरेने खोलीतल्या मैत्रिणीला, ओसारेटिनला गाठले.

"अगं, काल तर ढसाढसा रडत होतीस!"

"ते काल. आणि ते आनंदाश्रू होते, कळलं? तुझ्या प्रबंधापायी मी स्वतःच्या तोंडानं दुःख ओढवून घेऊ? एवढं अडलंय तर तूच लिही की नऊ!"

गुरुवारी एबिएरे माझ्यासमोर रडत बसली. ओसारेटिनचा मुद्दा शास्त्रीयदृष्ट्या बिनचूक होता. मी कोरी प्रश्नावली पुढे सरकवली.

"तूही विद्यार्थिनीच आहेस. खरं ते भर."

तिने डोळे पुसले, प्रश्न वाचला, डोक्यावरून हात फिरवून अशुभ झटकून टाकावे तशी चुटकी वाजवली. "देव न करो, मॅडम!" आणि दहाभोवती गोल काढला.

"मग प्रबंधाचं काय?"

"झालाच म्हणा, मॅडम. तुम्ही असं अभद्र बोलू नका."

प्रबंध शुक्रवारी दिला गेला. निष्कर्ष: दोहोंचा संबंध इतका दृढ आहे, की तो मोजता येत नाही. परीक्षकांनी उभे राहून 'आमेन' म्हटले.

मला मात्र अजून एक नऊ हवा आहे. मराठी वाचक रोखठोक असतात, असे ऐकून आहे. म्हणून विचारते: काय, कसं काय चाललंय?

मजेत?

नोंद केली. चारशे दोन.