डब्यातला रुसवा

सुधाकरराव रेल्वेच्या त्या नव्या डब्यात स्वतःसुद्धा कधी बसले नव्हते. कारखान्यातून निघाल्यापासून ते ट्रेलरच्या पुढे जीपमध्ये बसत आणि ट्रेलर थांबला की खाली उतरून डब्याभोवती फेऱ्या घालत. कोणी हात लावायला आलं की म्हणत, "लांबूनच बघा, लांबूनच."

उत्तरेकडच्या एका मोठ्या शहरात नवी रेल्वे सुरू व्हायची होती, शहरातल्या शहरात माणसं ने-आण करणारी. तिच्या रुळांची रुंदी देशातल्या बाकीच्या रुळांशी जुळत नव्हती. त्यामुळे डबे ट्रेलरवर लादून रस्त्यानं जात होते, आणि रेल्वेला ट्रकच्या रांगेत उभं राहावं लागत होतं. डबा कोरा पोचला पाहिजे ही शहर रेल्वेची अट होती. बाकांवरचा प्लास्टिकचा कागद त्यांचे साहेबच काढणार, मग सही करणार आणि मग डबा त्यांचा. आधीचे पाच डबे सहीवाचून तिथेच अडकले होते. निघताना मॅनेजरांनी सुधाकररावांना दारापर्यंत येऊन सांगितलं होतं, "डबा परत आला, तर त्याच्याबरोबर तुम्ही येऊ नका."

नेरडीगोंडा गाव मागे पडलं आणि इचोडा यायच्या आत ट्रेलरचा अ‍ॅक्सल तुटला. तुटला तो वामनराव नावाच्या शेतकऱ्याच्या रानासमोर. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या, रान मोकळं होतं, आणि त्या मोकळ्या रानाच्या कडेला चकचकीत निळा डबा उभा राहिला. ज्या मुलखात रूळच नाहीत तिथे हे झाल्यामुळे बघायला पंचक्रोशी लोटली.

"डबा आला, मंग रूळ कवा येनार?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"रूळ इकडे नाही येणार, बाबा. हा डबा पुढे जाणार आहे."

"तसंच सांगतेत सारे," म्हातारा म्हणाला आणि बिडी पेटवून सावलीत बसला.

नवा अ‍ॅक्सल नागपूरहून यायचा होता. तोवर सुधाकररावांचं जेवण वामनरावांकडे. त्यांच्या बायको जयवंताबाई रोज ज्वारीची भाकर, ठेचा आणि अंबाडीची भाजी घेऊन लिंबाखाली यायच्या. सुधाकरराव नको नको म्हणत जेवायचे आणि नको नको म्हणत तिसरी भाकर घ्यायचे. अशा रीतीनं ते त्या घरच्या मिठाला बांधले गेले, आणि पुढचं सगळं त्या मिठानं केलं.

त्या आठवड्यातच वामनरावांच्या लेकीचं, रुख्मिणीचं, लग्न होतं. मुहूर्त गोरज. वऱ्हाड पांढरकवड्याकडून दुपारी यायचं होतं आणि जानोसा, म्हणजे वऱ्हाड उतरवण्याची जागा, गावच्या शाळेत ठरली होती. लग्नाच्या सकाळी वामनराव झाडलोट करायला गेले, तर शाळेच्या दारात पोलीस. आत दहावीची परीक्षा चालली होती आणि संध्याकाळपर्यंत शाळा मिळणार नव्हती.

"पंतुलू, तुमी तर हो म्हनले होते!" वामनराव मास्तरांना म्हणाले.

"परीक्षा माझ्या डोक्यातूनच गेली," मास्तर म्हणाले. ते पर्यवेक्षक होते.

वामनराव धापा टाकत तसेच रानात आले. मागून जयवंताबाई.

"सुधाकरराव, तुमची आगगाडी द्या."

"काय?"

"वऱ्हाड येऊन राह्यलं. उनात कुठी बसवू त्याईले? दोन घंट्याचं काम हाये."

"वामनराव, माझी नोकरी जाईल हो. त्यात मीसुद्धा बसलेलो नाही."

जयवंताबाईंनी रिकामी शिदोरी उचलली, पदरानं डोळे टिपले आणि एवढंच म्हणाल्या, "राहू द्या. पोरीचं नशीब." सुधाकररावांना तिसरी भाकर आठवली. त्यांनी कुलूप काढलं. चपला खाली, पान-तंबाखू नाही आणि काही झालं तरी कागद काढायचा नाही, अशा अटी त्यांनी घातल्या. वामनरावांनी त्या सगळ्या मान्य केल्या. त्यांनी त्या वेळी काहीही मान्य केलं असतं.

वऱ्हाड आलं आणि शिडीवरून डब्यात चढलं. बाया, म्हातारे, बँडवाले, सगळे गार सावलीत बसले आणि खूश झाले. खिडक्या मोठ्या, बाक मऊ, वर धरायला कड्या. एका म्हाताऱ्यानं एका कडीला आपलं ओलं धोतर वाळत घातलं. सुधाकररावांनी डोळे मिटून घेतले.

सगळ्यात शेवटी नवरदेवाचे वडील अमृतराव चढले. अमृतराव हे लग्नातले नामांकित रुसणारे. पहिल्या हाकेला ते आजवर एकाही लग्नात जेवायला उठले नव्हते, आणि हे तर घरचं कार्य होतं. बसले, तर खालून चर्र असा आवाज झाला. त्यांनी बाकावरच्या कागदावर हात फिरवला.

"हे काय हाये?"

"पन्नी हाये, इवाईबुवा," वामनराव व्याह्यांना म्हणाले.

"कायले लावली?"

सुधाकरराव मदतीला धावले. "बाक खराब होऊ नये म्हणून."

अमृतराव सावकाश उठले. "म्हंजे आमच्या बुडानं बाक खराब होते? पोरीकडचे लोक पाहुन्याले पन्नीवर बसवतेत? हे लगन होत नाई. बँडवाले, उतरा!"

बँडवाले उतरले नाहीत, कारण त्यांना सावली मिळाली होती. पण वामनराव हात जोडून दारात आडवे उभे राहिले. जयवंताबाईंनी खालून सुधाकररावांकडे पाहिलं.

सुधाकरराव गुडघ्यावर बसले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं अमृतरावांच्या बाकावरचा कागद फाडला. तो फाटताना झालेला आवाज त्यांना थेट मॅनेजरांच्या आवाजासारखा वाटला. अमृतराव कोऱ्या बाकावर टेकले. मग बाकीच्यांना का कमी लेखायचं? डबाभर चर्र चर्र सुरू झालं आणि थोड्याच वेळात दाराजवळचा एक बाक सोडून कुठे कागद उरला नाही. हळदीचे हात खांबांना लागले, चिवडा फिरला आणि रुसवा निघाला.

तेवढ्यात रस्त्यावर धूळ उडाली. जीप थांबली. अ‍ॅक्सल घेऊन मेकॅनिक उतरला आणि त्याच्यामागून शहर रेल्वेचे ते सही करणारे पाटणकरसाहेब. अ‍ॅक्सल तुटल्याच्या धक्क्यानं डब्याला काही झालं का, हे बघायला ते मुद्दाम आले होते. सकाळपासून उन्हाचा प्रवास, पोटात फक्त चहा. शिडी चढून ते दारात उभे राहिले. त्यांनी धोतर पाहिलं, हळद पाहिली, तुतारी पुसत बसलेला बँडवाला पाहिला.

"हे कोण लोक आहेत?"

"साहेब, वऱ्हाड आहे," सुधाकरराव म्हणाले. दुसरं काही म्हणता येण्यासारखं नव्हतंच.

"हा डबा मी घेणार नाही. वापरलेला डबा आहे. परत न्या कारखान्यात. आधीचे पाच तरी मी कुठे घेतलेत? तेही यार्डात उभे आहेत. हा सहावा!"

असं म्हणून साहेब घाम पुसत जी जागा मोकळी दिसली तिच्यावर बसले. चर्र असा आवाज झाला. साहेबांनी हाताची घडी घातली आणि खिडकीबाहेर तोंड केलं. सुधाकरराव तिथेच खांबाला धरून उभे राहिले. घरी काय सांगायचं, याची वाक्यं त्यांच्या मनात जुळायला लागली होती आणि एकही वाक्य पुरं होत नव्हतं.

अमृतरावांनी हे सगळं आपल्या बाकावरून पाहिलं. ते वामनरावांच्या कानाशी लागले.

"कोन हायेत हे?"

"शहरातले मोठे साहेब."

"तुमी त्याईले पन्नीवर बसवलं! ते रुसले ना, बावा! हाताची घडी पाह्यली का? तोंड पाह्यलं का कुठी हाये ते?"

"ते डबा घेत नाई म्हनतेत."

"मी बी लगन होत नाई म्हनलो होतो. व्हऊन राह्यलं ना?" अमृतराव बाह्या सरसावून उठले. आयुष्यभर लोकांनी त्यांची मनधरणी केली होती. दुसऱ्याची करायची संधी त्यांना पहिल्यांदाच मिळत होती. "जयवंताबाई, परात आना. थंड पानी आना. माह्या पेटीतला तो केशरी फेटा आना."

साहेबांच्या बाकावरचा उरलेला कागद अमृतरावांनी एका झटक्यात ओढून काढला. साहेब दचकून उठले.

"अहो, काय करताय? मी रुसलेलो नाही. मी अधिकारी आहे!"

"पैल्यांदा सारे असंच म्हनतेत," अमृतराव मायेनं म्हणाले. "बसा. या कामातलं मले समजते."

साहेबांचे बूट कोणी काढले ते कळलं नाही. एक पाय परातीत आला आणि रांजणातलं गार पाणी त्याच्यावर पडलं तेव्हा ते "हे चालणार नाही" म्हणत होते. दुसरा तांब्या पडला तेव्हा नुसते "हे" म्हणाले. तिसऱ्या तांब्याला त्यांनी दुसरा पाय आपणहून पुढे केला.

अमृतराव आता सुधाकररावांकडे वळले.

"तुमी काऊन उभे? डबा कोनाचा?"

"आमच्या कंपनीचा."

"देनार कोन?"

"आम्ही."

"घेनार कोन?"

"हे."

"मंग तुमी पोरीकडचे, हे पोराकडचे. एवढं बी समजत नाई? इतके साल नोकरी कशी केली तुमी? हात जोडा!"

सुधाकररावांनी हात जोडले. कारखान्यात त्यांना तपासणीचे नियम शिकवले होते, रंगाची जाडी मोजायला शिकवली होती, पण देणाऱ्या-घेणाऱ्यांचं नातं इतक्या सोप्या भाषेत कोणीच सांगितलं नव्हतं. ते अगदी मनापासून म्हणाले, "साहेब, आमचं काही चुकलं असेल तर पोटात घाला. डबा आपलाच आहे."

साहेब खाकरले आणि त्यांनी नकळत डोकं पुढे केलं. अमृतरावांनी त्यांच्या डोक्याला फेटा बांधला, बँडनं डब्यातच सूर धरला आणि साहेबांना हाताला धरून शिडीवरून खाली उतरवलं. मांडवात त्यांना अमृतरावांच्या शेजारची जागा मिळाली. गोरजाला लग्न लागलं. बुंदीचा आग्रह झाला तेव्हा साहेबांनी दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा पान पुढे केलं.

सकाळी अ‍ॅक्सल बसला. आदल्या संध्याकाळचं सगळं फेट्याबरोबर उतरलं असेल, या भीतीनं सुधाकरराव ट्रेलरपाशी उभे होते. साहेब आले. फेटा डोक्यावरच होता. ते डब्यात चढले, दारं उघडून-मिटून पाहिली, बाक दाबून पाहिले, हळद लागलेल्या खांबाला धरून एक झोका घेतला.

"किती माणसं होती काल?"

"डबा भरून होती, साहेब."

"दारं अडकली नाहीत, बाक उसवले नाहीत. उत्तम डबा आहे." आणि त्यांनी सही केली.

सुधाकररावांचा जीव भांड्यात पडला. इतका हलका झाला की जे विचारायचं नव्हतं तेही त्यांनी विचारून टाकलं. "साहेब, मग ते आधीचे पाच? त्यांत काय दोष निघाला? आमचे इंजिनीअर चारदा तपासून गेले, त्यांना काही सापडत नाही."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. मेकॅनिक लांब होता.

"पहिला डबा घेऊन तुमचे मॅनेजर आले त्या दिवशी मी उन्हात दिवसभर उभा होतो," ते हळू आवाजात म्हणाले. "त्यांनी साधं पाणीसुद्धा विचारलं नाही."

सुधाकरराव ट्रेलर थांबवून इचोड्याच्या पोस्टात गेले आणि कारखान्याला फोन लावला. मॅनेजरांनी पहिला प्रश्न विचारला, "डबा घेतला का?"

"घेतला, साहेब. बाकीचे पाचही घेतील. फक्त इंजिनीअर पाठवू नका."

"मग काय पाठवू?"

"तुम्ही स्वतः या," सुधाकरराव म्हणाले. "आणि येताना एक परात घेऊन या."