गिरधरशेठच्या मोटारीचा ठोका

गिरधरशेठची मोटार दुरुस्त होणार हे ऐकताच त्यांच्या जळगावच्या कापूस जिनिंगच्या कचेरीतले हेडक्लार्क शालिग्राम यांच्या हातून चहाची बशी निसटली.

"अय्युब मिस्त्री गाडी न्यायला आलाय," शेठ म्हणाले. "त्याच्याबरोबर जा. काम होईपर्यंत तिथून हलू नका."

ही मोटार शेठनी सत्तेचाळीस साली मायदेशी निघालेल्या एका साहेबाकडून घेतली होती. चालू लागली की इंजिनाच्या पोटातून ठक-ठक आवाज येई, तो दोन फर्लांगांवरून कळे. घरी शेठाणी सुनंदाबाई त्या आवाजावर तव्यावर भाकरी टाकत, आणि गाडी कुठल्या रस्त्याला वळली तेही सांगत. कचेरीत शालिग्राम त्याच आवाजावर जागे होत. रोज दुपारी सरकीच्या पोत्यांवर तासभर आडवं व्हायचं, हा त्यांचा नेम. एकदा शेठ पायी आले आणि घात झाला. त्यात डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून शेठ आधीच चिडलेले! "पुन्हा झोपलेले दिसलात, तर कायमचे घरीच झोपा," असं त्यांनी बजावलं होतं. शालिग्रामांची वीस वर्षांची नोकरी आता त्या ठोक्यावर टिकून होती.

अय्युबनं लाकडी दांडा इंजिनाला टेकवून दुसरं टोक कानाला लावलं.

"शालिग्रामभाऊ, बेरिंग गेलं. क्रँक आत नाचून ऱ्हायला."

"छे हो! प्लगमध्ये कचरा असेल. पुसून टाका, झालं."

अय्युबनं एकेका प्लगची वायर काढून पाहिली. तिसरी काढताच ठोका दबला. "देखो! तीन नंबर. माझा कान धोका देत नाही."

"पण बेरिंग मुंबईहून मागवावं लागेल ना? दोन महिने तरी?" शालिग्रामांनी आशेनं विचारलं.

"मुंबई कशाला? मी इथंच मेटल ओततो."

अय्युब भलताच हट्टी माणूस. त्यानं खालचं तेलाचं चेंबर उतरवलं, झिजलेली बेरिंगं काढली, मेटल वितळवून नवीन ओतली. मग क्रँकला काजळ फासायचं, फिरवायचा, काजळ जिथं उमटेल तिथं पात्यानं हलकेच खरवडायचं, असं त्याचं तीन दिवस चाललं.

"थोडं ढिलं ठेवा ना," शालिग्राम काकुळतीला आले.

"ढिलं? मेरे हाथ का काम, और ढिलं?" अय्युबला खरंच वाईट वाटलं. त्याची समजूत काढायला शालिग्रामांना क्रँक फिरवायला बसावं लागलं. आपल्याच पोटावर पाय आणायचं काम ते घाम गाळून करत होते.

चौथ्या दिवशी मोटार सुरू झाली, तेव्हा बॉनेटवर ठेवलेल्या पेल्यातलं पाणीसुद्धा हललं नाही.

आता शेठ कधी दारात उभे राहतील याचा नेम नव्हता. शालिग्राम चार दुपारी डोळे ताणून बसले आणि आवक-जावकाच्या वहीत लिहीत राहिले. पाचव्या दुपारी, शुक्रवारी, मात्र त्यांना एक जागा सुचली, जिथं शेठ त्यांना शोधणारच नाहीत. निंबाखाली मोटार उभी होती. मागच्या सीटवर धुळीसाठी जाजम टाकलेलं होतं. 'पाचच मिनिटं,' म्हणून ते जाजमाखाली शिरले.

थोड्या वेळानं शेठ बाहेर आले. "भुसावळला मीटिंग आहे," असं त्यांनी गाडीशी उभं राहून सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं, ते शालिग्रामांनी जाजमाखाली अर्धवट झोपेत ऐकलं आणि कूस बदलली. मग शेठनी गाडी काढली आणि उलट्या दिशेला, धुळ्याच्या रस्त्याला लावली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, शालिग्रामांना पत्ता नाही. शेठना मात्र कुठूनतरी घरघर ऐकू येऊ लागली. 'अय्युबनं फसवलं!' असं पुटपुटत त्यांनी धुळ्यात एका हलवायासमोर गाडी थांबवली आणि पाव शेर जिलबी मागवली. पहिला घास घेतला, तरी घरघर चालूच. शेठ द्रोण घेऊन खाली उतरले आणि बॉनेटला कान लावून उभे राहिले.

हलवाई मगन कढई सोडून आला. "शेठ, गाडी ते बंद शे. मंग हाई काय घुरघुरी ऱ्हायनं?" असं म्हणत त्यानं मागचं जाजम उचललं.

"शालिग्राम! पुन्हा झोपलात?" शेठ गरजले.

शालिग्राम धडपडत उठून बसले. गेली नोकरी! मग त्यांना शेठच्या हातातला द्रोण दिसला, मिशीला लागलेला पाक दिसला.

"शेठ," ते डोळे चोळत म्हणाले, "भुसावळ आलं का?"

शेठचा घास तोंडातच राहिला. जळगावच्या एकूण एक हलवायाला सुनंदाबाईंनी शेठना गोड न देण्याची ताकीद दिली होती, आणि गाडी धुळ्याच्या रस्त्याला लागली हे त्यांना कळू नये, एवढ्यासाठीच तर शेठनी तो ठोका बंद करवला होता.

"तुम्ही... इथं काय करताय?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

"बेरिंग तपासतोय. जळगावपासून इथवर माणसाला जाग आली नाही, म्हणजे काम पक्कं."

शेठनी मिशीचा पाक पुसला. मग त्यांनी द्रोण पुढे केला.

"घ्या. असं दर शुक्रवारी तपासत चला," ते म्हणाले. "फक्त घोरू नका. उगाच अय्युबचं नाव खराब होतं."