परतीचे पान नसलेल्या लढाईची हकीकत

ज्याने सृष्टी घडविली आणि मग माणसास तीत शहाणपण करावयास मोकळे सोडिले, त्या जगन्नियंत्यास नमन करोन लिहितो. शके अठराशे एक्कावन्न, शुक्लनाम संवत्सरे, श्रावण वद्य पंचमीस पूर्वराज्य आणि पश्चिमराज्य यांत मोठी लढाई लागली. तिचे मूळ काय हे धुंडावयाची आम्हास जन्माची खोड, म्हणोन दोन्ही मुलखी हिंडलो, तो जितकी माणसे भेटली तितकी मुळे हाती आली. एक म्हणे, नदीच्या पुलावर पूर्वेच्या जकात अंमलदाराचा खून जाहला म्हणोन. दुसरा म्हणे, पाच राजांनी एकमेकांस कागद लिहून दिले होते जे, तुजवर कोणी चालून आला तर मी त्याजवर चालून जाईन, आणि कोणी कोणाचा कागद वाचिला नव्हता. तिसरा म्हणे, कारखान्यांत तोफा इतक्या ओतिल्या की ठेवावयास जागा उरेना. तिन्ही खरे असेल. परंतु आम्हास चौथे मूळ वेळापत्रकाच्या दफ्तरात सापडले, ते सांगतो.

पूर्वराज्यात नारो भास्कर पंत म्हणोन लोहमार्गाचे मुख्य वेळापत्रककार होते. त्यांनी सतरा वर्षे खपोन फौज सरहद्दीस नेण्याचे पत्रक रचिले. अकरा हजार गाड्या, कोणती कोणत्या पुलावरोन कोणत्या मिनिटास जाईल, घोड्यांस पाणी कोठे आणि लोकांस भाकरी कोठे, सर्व त्यात होते, आणि दुसऱ्या राज्यांचे वकील ते लांबून पाहोन माना डोलवीत. परंतु त्या मुलखाचा रिवाज ऐसा जे, मोहिमेस निघतां परतीचे नाव काढू नये, काढिल्यास अपशकुन. बायकाही नवऱ्यास निरोप देतां कधी येणार हे पुसत नसत. म्हणोन पत्रकास जाण्याची सहाशे पाने आणि परतीचे एकही नाही, आणि हे कोणास खटकले नाही. पंतांची एकुलती लेक वेणाबाई पश्चिमराज्यात देवठाण्यास दिली होती. देवठाणे सरहद्दीपासोन दोन कोस, आणि पहिल्या तोफा त्याच गावावर रोखावयाच्या होत्या. ते स्थळ पंतांनीच नेमिले होते, लेकीचे लग्न ठरण्याच्या आधी.

हुकूम सुटला आणि गाड्या सुटल्या. तिसरे दिवशी पश्चिमेच्या राजाचा खलिता आला की, खुनी धरोन देतो, लढाई नको. पूर्वेचे महाराज तो वाचोन बहुत संतोष पावले आणि पंतांस बोलावू पाठविले.

"पंत, गाड्या थांबवा."

"महाराज, थांबवितां येत नाहीत," पंत बोलिले. "चार हजार गाड्या मार्गावर आहेत. पुढची थांबली की मागची तिजवर येईल. तीन लाख माणूस रानात पाण्याविणे अडकेल."

"तर मग माघारी फिरवा."

"परतीचे पान नाही, सरकार."

"नसेल तर लिहा."

"नऊ दिवस लागतील."

सेनापती जवळ होते, ते बोलिले, "नऊ दिवस आपण ऐसे गुंतोन राहिलो आणि त्यांनी घात केला तर?" महाराज पंतांस म्हणाले, "तुमची लेक तिकडेच ना दिली?" पंत होय म्हणाले आणि खाली पाहो लागले. आणखी काही बोलतील म्हणोन महाराजांनी घटकाभर वाट पाहिली, आणि मग चालू द्या ऐसी आज्ञा केली.

मग चार वर्षे लढाई चालली. कागद दिलेले राजे एकामागोन एक लढाईत उतरले, आणि फौजांनी जमिनीत चर खणोन, पुढे काटेरी तारा बांधोन, त्यांत वस्ती केली. नांगर करणारे कारखाने तोफगोळे करू लागले आणि गोळ्यांत दारू भरितां बायकांचे हात पिवळे पडले. विषारी धूर सोडिला, तो वारा फिरोन सोडणाऱ्यांवरच आला. एका चिंचेच्या बागेसाठी ऐंशी हजार लोक कामास आले, आणि बाग हाती आली तेव्हां चिंचेचे एकही झाड उभे नव्हते. शेवटी दोन्हीकडे लोखंड सरले, माणूस सरले, आणि तह जाहला. त्यातील पहिले कलम, खुनी धरोन द्यावा. तो कधीचाच लढाईत मेला होता.

पंतांस परतीचे पान लिहावयाची आज्ञा जाहली. आम्ही त्यांस पुढे भेटलो आणि पुसिले, "नऊ दिवस लागले काय?"

"नाही हो. एका दुपारी जाहले," पंत बोलिले. "माणसेच थोडी होती. नव्वद गाड्या पुरल्या."

"आणि त्या दिवशी महाराज वाट पाहात होते, तेव्हां आपण का बोलिला नाहीत?"

 पंत म्हणाले, "सतरा वर्षे मी एक गाडी दुसरीवर येऊ दिली नव्हती. ते मोडा म्हणावयास तोंड उघडेना. वेणूचे नाव जिभेवर होते, तरी उघडेना. मला माझ्या पत्रकाची माया आली."

येणेप्रमाणे लढाईचे वर्तमान जैसे कळले तैसे लिहिले. मुळे पुष्कळ होती, थांबविणारे एकही नव्हते. देवठाणे गाव राहिले नाही आणि वेणाबाईचा शोध लागला नाही. पंतांनी परतीच्या पानावर मात्र देवठाण्यास पहिल्या गाडीचा मुक्काम लिहिला, पाव घटका, आणि लिहिल्याप्रमाणे गाडी रिकाम्या माळावर तितकी उभी राहिली. चढावयास कोणी आले नाही.