हवेची गाळणी

रंभाजीनाना कुणाच्याही घरी गेले की आधी उंबऱ्याबाहेर थांबून हवा हुंगायचे. डोळे मिटून, नाकपुड्या फुगवून मग निकाल द्यायचे, "मागच्या खोलीत वली चादर पडलीय. घडी करून ठिवलीय कुनीतरी." आणि शोधलं की चादर हटकून सापडायची! नाना येताना दिसले की आमची ही चहाचं आधण ठेवायच्या आधी मोरी धुवायला धावायची.

कोपरगावजवळच्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत, एकाच चाळीत, आम्ही शेजारी होतो. नाना फिटर, मी टाइम ऑफिसात कारकून. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या हंगामातली ही गोष्ट आहे.

नानांचं एक ठरलेलं भाषण होतं. चहाचा कप हातात दिला की ते सुरू व्हायचं. "भाऊसाहेब, पानी गाळून पिता, च्या गाळून पिता, पीठ चाळून घेता. आन् हवा तेवढी जशीच्या तशी वढता व्हय? वर चिमनी बघा जरा!"

चिमणीबद्दल त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू झालं की काजळी पडायची. सकाळी पांढरं वाळत घातलेलं धोतर संध्याकाळी ठिपक्यांचं होऊन घरात यायचं. आम्ही झटकून मोकळे व्हायचो. नानींना, म्हणजे नानांच्या बायकोला, ते जमत नव्हतं. त्यांना दमा होता. बॉयलर पेटला की चार दिवसांत त्यांची छाती भरायची आणि नाना त्यांना पारनेरला माहेरी, भावाकडे पोचवून यायचे. कारखाना बंद झाला की उन्हाळ्यात त्या परत. दोन्ही लेकी सासरी गेलेल्या. वीस वर्षं हा संसार असा निम्मा-निम्मा चालला होता.

"बरंच हाय की," नाना म्हणायचे, "सा म्हैने मोकळं रान!" आणि या मोकळ्या रानात हा माणूस करायचा काय, तर दुसऱ्यांच्या पाळ्या मागून घ्यायचा. हजेरीपुस्तक माझ्याकडे असल्यामुळे मला ते दिसायचं. माणूस पैशाला हपापलाय, असं मी खुशाल ठरवून टाकलं होतं.

त्या वर्षी पावसाळ्यातच नानांनी भंगारातला एक मोठा पंखा आणि पत्र्याचं पिंप पैदा केलं. पिंपात ओल्या गोणपाटाचे थर आणि बाभळीचा कोळसा घातला. तिथून माणूस आत सरपटेल एवढी रुंद पत्र्याची नळी स्वयंपाकघरावरून थेट नानींच्या खाटेपर्यंत नेली. पंखा सुरू झाला की आमच्या फडताळातल्या बरण्या थरथरायच्या. "यंदा ही हितंच ऱ्हानार," नानांनी जाहीर केलं. "पाक हवा गाळून देतो तिला!"

दसऱ्याला, म्हणजे चिमणी पेटायच्याही आधी, नानी खोकायला लागल्या. अशा खोकल्या की अख्खी चाळ जागी. दोन दिवसांत पारनेर गाठावं लागलं.

परत आल्यावर नानांनी नळीचा सांधा उघडला आणि मला हाक मारली. आत हिरवी-काळी केसाळ बुरशी माजली होती, लोणच्याची बरणी बिघडावी तशी. गोणपाटाची ओल नळीत मुरली होती आणि पंखा ती घाण बिचाऱ्या नानींच्या तोंडावर फुंकत होता. नाना ओट्यावर मटकन बसले. "भाऊसाहेब, फुकट चिमनीला शिव्या दिल्या. हिला बुरशी मीच पाजली." एवढ्या गडगडाटी माणसाचा आवाज मी पहिल्यांदाच खाली गेलेला ऐकला.

पण नाना हार मानणारे नव्हते. कारखान्यात उसाचा रस स्वच्छ करायला गंधकाचा धूर सोडतात. रसाला चालतो तो बुरशीला का नाही, हा नानांचा विचार. त्यांनी पिंपात गंधक पेटवलं आणि पंखा सोडला. आमच्या चाळीतल्या मधल्या भिंती छपरापर्यंत पोचत नव्हत्या, हे तेवढं विसरले. क्षणात आठही घरं धुरानं भरली. दिवाळीची पहाट! पहिल्या दिवाळसणाला आलेला एक जावई उटणं लावलेल्या अंगानं पंचा सावरत मैदानात धावत सुटला. बाया-पोरं डोळे चोळत त्याच्यामागे. नानांच्या घरी सण करायला कुणी नव्हतं, म्हणून त्यांच्या ध्यानात सणही राहिला नव्हता.

कॉलनी कमिटी बसली. अध्यक्ष होते स्टोअरकीपर. तो जावई त्यांचाच. नळी काढून टाका, अशी नोटीस निघाली आणि ती घेऊन जायचं काम सेक्रेटरी म्हणून माझ्या गळ्यात आलं. माझेही डोळे अजून चुरचुरत होते, त्यामुळे मी जरा तोऱ्यातच गेलो. नानांनी कागद वाचला. "संक्रातीपातूर द्या," ते म्हणाले. "तवर हिला आनून दावतो. खोकली, तर मीच घन घालतो नळीवर." मग खाली बघत म्हणाले, "एकल्याला घर खायाला उठतं, भाऊसाहेब." मागून घेतलेल्या पाळ्यांचा अर्थ मला तेव्हा कळला. मी मुदत मिळवून दिली.

मग नानांना सुचलं. "पानी गाळाया वलं फडकं चालतं. हवेला कोरडंच पायजे!" गोणपाट गेलं, तिथे तीनपदरी मांजरपाट आला. नळीचे हातभर लांबीचे तुकडे केले. दर सुट्टीला चुन्याच्या पाण्यानं ते घासून नाना मैदानात उन्हात मांडायचे आणि कुरडया राखाव्यात तसे काठी घेऊन कोंबड्या हाकलत बसायचे. शेवटी एकदा मला नळीच्या तोंडाशी उभं केलं. "हुंगा. कसला वास येतो?"

"कसलाच नाही."

"मंग जितलो की!" त्यांनी माझ्या पाठीत अशी थाप घातली की मीच खोकलो.

संक्रांतीला आठ दिवस असताना नानी एस.टी.तून उतरल्या. चिमणी भरात होती. ते आठ दिवस अख्खी चाळ कान देऊन होती. कुणी नुसता घसा खाकरला तरी तीन घरांतून "कोण खोकलं?" असा ओरडा व्हायचा. मला ठसका लागला तर आमच्या हिनं उशी फेकून मारली. चौथा दिवस गेला, सहावा गेला. आठव्या दिवशी भिंतीवरून आवाज आला तो नानींच्या हसण्याचा.

आणि संक्रांतीला नानींनी हळदीकुंकू केलं. या घरात आल्यापासून पहिलं. सगळी कॉलनी लोटली. अध्यक्षांच्या बाईंचं नाक बारमाही चोंदलेलं. त्या नळीच्या तोंडाखाली बसल्या त्या वाण हातात पडलं तरी उठेनात. त्यांना शोधत खुद्द अध्यक्ष आले. खिडकीतून त्यांनी आपल्या बायकोला तोंड मिटून श्वास घेताना पाहिलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "आमच्याकडे कधी बसवतील हो?"

ही फत्ते नानांना सांगायला मी धावलो. ते दारात खाली बसले होते. बायकांनी कशाही काढून टाकलेल्या चपला एकेक उचलून, धोतराच्या सोग्यानं काजळी पुसून, जोडीनं ओळीत मांडत होते.

"नाना, आत चला! अध्यक्ष नळी मागताहेत!"

"थांबा वाईच." त्यांनी मान वर केली नाही. "वीस वरसं संक्रातीला ह्या दारात माजं एकल्याचं पायतान असायचं."

आतून नानींचा आवाज आला, कुणाला तरी आग्रह करत होत्या. मी नानांच्या शेजारी बसलो आणि राहिलेल्या चपला जोडीनं लावू लागलो.