चाळीस खोक्यांवरचं नाव

खिळेमास्तर तोंडात खिळे धरून काम करायचे, त्यामुळे अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून एकही वाकडा शब्द गेला नव्हता. सरळ शब्दही फारसे गेले नव्हते म्हणा. खुर्च्यांच्या कारखान्यात माल खोक्यांत बांधायचं काम, तेही अजून रोजंदारीवर. पण आता कायम करण्याचा कागद टाइप होऊन मालकांच्या टेबलावर आला होता, सही तेवढी राहिली होती. बायकोने शेजारणीला सांगूनही टाकलं होतं, म्हणजे आता माघारीची सोय नव्हती.

कारखान्यात एक जुनी रीत होती. गिऱ्हाइकांची लांबलचक नावं कुणाच्या ध्यानात राहत नसत, म्हणून माल कुठल्या मुलखाचा ते खोक्यावर खडूने लिहायचं. आणि लिहायचं ते तिथल्या लोकांना इकडे ज्या नावाने ओळखतात तेच. सरहद्दीपलीकडचे लोक म्हणजे मुंगळे. यात कधी कुणी रागावलं नव्हतं, कारण रागवायला त्यांच्यातलं कुणी इथे नव्हतंच. गाडी भरण्याआधी ओलं फडकं फिरवलं की झालं.

यंदा पलीकडच्या एका शाळेने तीनशे खुर्च्या सांगितल्या होत्या आणि ऐन वेळी खडू संपला. खिळेमास्तर काम अडवून ठेवणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी पत्र्याचा साचा कापला, काळा ऑइलपेंट घेतला आणि चाळीसच्या चाळीस खोक्यांवर 'मुंगळे' असं ठसठशीत उठवलं. अक्षर इतकं देखणं आलं की दोन पावलं मागे सरून ते स्वतःच बघत राहिले.

तेवढ्यात मालक घाईघाईने आत आले.

"त्या शाळेच्या बाई उद्या यायच्या होत्या, त्या आजच येऊन बसल्यात. माल बघायचाय म्हणतात. आधी हे पुसा."

"पुसणार नाही, मालक. पेंट आहे."

"पेंट कशाला?"

"खडू संपला होता."

मालकांनी क्षणभर डोळे मिटले. "ऑर्डर गेली तर तो तुमचा कागद मी फाडणार. बाईंचं पाणी पिऊन होईपर्यंत वेळ आहे."

खिळेमास्तरांनी आणि पॉलिशच्या मावशींनी मिळून खोकी फिरवली. पलीकडच्या बाजूलाही 'मुंगळे' होतं.

"दोन्हीकडे कशाला लिहिलंत हो?" मावशींनी विचारलं.

"अर्धवट काम करायची सवय नाही."

मग 'नाजूक माल' छापलेले कागद होते ते खळ लावून नावावर डकवले. खळ झाली होती पातळ. ती लवकर वाळावी म्हणून मालकांनी कोपऱ्यातला मोठा पंखा लावला, आणि बाई दारातून आत आल्या तेव्हा कागद एकेक करून खोक्यांवरून उठत होते. त्यातला एक बाईंच्या खांद्यावर बसला. त्यांनी तो काढून त्याची नीट घडी केली.

"मुंगळे," बाईंनी वाचलं. मग दुसरं खोकं वाचलं. तिसरंही.

"ते लाकडाचं नाव आहे," मालक म्हणाले.

"कुठल्या लाकडाचं?"

मालकांनी खिळेमास्तरांकडे पाहिलं. खिळेमास्तरांनी तोंडातले खिळे काढून तळहातावर घेतले. सात होते.

"लाकडाचं नाही, बाई. तुमचं आहे. तुमच्या लोकांना इकडे असं म्हणतात. एका ओळीत चालता आणि अंगापेक्षा मोठं ओझं उचलता म्हणून. लिहिताना कधी काही वाटलं नाही. तुम्ही समोर उभं राहून वाचलंत, तेव्हा लाज वाटली. चूक माझी, मालकांची नाही."

बाईंनी हातातली कागदाची घडी खोक्यावर ठेवली. "माझे वडील इकडच्या बाजारात यायचे. एका दुकानदाराने त्यांना याच नावाने हाक मारली. ते त्या दुकानात पुन्हा कधी गेले नाहीत. मलाही राग आलाय."

मालकांनी पंखा बंद केला.

"पण गेल्या वर्षी दुसऱ्या कारखान्याने आमच्या शाळेचं नाव अगदी मानाने, चार ओळींत लिहिलं होतं," बाई म्हणाल्या. "सरहद्दीच्या नाक्यावरच्या तुमच्या हमालांनी ते वाचायचा कंटाळा केला आणि आमची बाकं भलत्याच देशात उतरवली. मुलं सहा महिने फरशीवर बसली. हे तरी ते वाचतील. तेव्हा नाव राहू द्या. मात्र नाका ओलांडला की एक अक्षर दिसता कामा नये. आमच्या मुलांनी हे वाचायचं नाही. खरवडायला हे स्वतः येतील."

"येतो," खिळेमास्तर म्हणाले. चाळीस खोकी, दोन-दोन बाजू. त्यांनी मनातल्या मनात पॉलिश पेपरचा हिशेब केला.

बाई माल पास करून गेल्या, तसा मालकांच्या जिवात जीव आला. त्यांनी खिळेमास्तरांना ऑफिसात बोलावलं, खुर्चीवर बसवलं, पेनाचं टोपण काढलं. सही करता करता त्यांचा हात थांबला.

"परवा माझ्या सासुरवाडीकडचा माल जायचाय. त्यावर तुम्ही लोक काय लिहिता?"

"काही लिहीत नाही, मालक."

"खरं सांगा."

"चित्र काढतो."

मालक उठले. तो कागद हातात घेऊन ते थेट गोदामाच्या मागच्या कोपऱ्यात, सासुरवाडीच्या मालापाशी गेले. खिळेमास्तर मागोमाग. बायकोला काय सांगायचं याची ते वाटेत जुळवाजुळव करत होते. मालकांनी खोक्यावरचं, खडू संपायच्या आधी काढलेलं चित्र आधी डावीकडून पाहिलं, मग उजवीकडून, मग जरा लांबून. आसपास कुणी नाही याची खात्री करून घेतली. मग त्याच खोक्यावर कागद ठेवून त्यांनी सही ठोकली.

"शेपूट जरा लांब हवी होती," ते म्हणाले.