नियाजभाईंच्या मशीनचं उद्घाटन

"कोर्टात मी एकदा बोलायला लागलो ना, जज्जसाहेब पेन खाली ठेवून ऐकतील," असं नियाजभाईंनी जुन्या नाशकातल्या अर्ध्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. त्यामुळे सुनावणीच्या दिवशी सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात त्यांचे मेहुणे ओवेसभाईही मालेगावहून येऊन बसले. बहिणीचे यजमान. त्यांच्यासमोर नियाजभाई घरातसुद्धा मान खाली घालून बोलायचे.

भानगड अशी होती. नियाजभाईंचं टेलरिंगचं दुकान. भरतकामाच्या संगणकी मशीनसाठी त्यांनी बँकेचं कर्ज घेतलं. बँकेने पैसे थेट मशीनवाल्याला दिले. मशीनवाला "ट्रक निघालाय, ट्रक निघालाय" म्हणत एक दिवस स्वतःच निघून गेला. मशीन काही आलं नाही. वसुलीचा दावा मात्र आला.

"हा दावा वेगळ्या प्रकारचा आहे," वकील तेजस्विनी मॅडमनी समजावलं होतं. "यात तुम्हाला आपोआप बोलता येत नाही. बचाव करायला आधी कोर्टाची परवानगी लागते. ती नाही मिळाली, तर आजच निकाल बँकेच्या बाजूने. मग दुकानावर जप्ती. म्हणून सांगते, तुम्ही गप्प बसायचं. मी बोलेन."

मॅडम छान बोलल्या. मशीन आलंच नाही, तर तपास व्हायलाच हवा, म्हणाल्या. नियाजभाईंनी मागे वळून ओवेसभाईंकडे अभिमानाने पाहिलं.

मग बँकेचे वकील उठले. त्यांनी एक मोठा फोटो न्यायाधीशांपुढे ठेवला.

"साहेब, हा यांच्या दुकानाबाहेरचा फ्लेक्स. 'नाशकात प्रथमच! संगणकी भरतकाम मशीनचे भव्य उद्घाटन.' आत हिरव्या कापडाखाली, फुलांच्या माळा घातलेलं मशीन दिसतंय. पाहुणे फीत कापतायत. बिर्याणी झाली. आणि आता म्हणतात, मशीन आलंच नाही."

तेजस्विनी मॅडम सावकाश वळल्या. फ्लेक्सबद्दल नियाजभाईंनी मॅडमना अवाक्षर सांगितलं नव्हतं.

"काय आहे हे?" मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या.

नियाजभाई पेचात पडले. खरं सांगावं, तर मागे बसलेल्या ओवेसभाईंपुढे आयुष्यभराची नाचक्की. फोटोत फीत कापणारे पाहुणे तेच होते. न सांगावं, तर दुकान जाणार.

"तुमच्या अशिलाला काही सांगायचंय का?" न्यायाधीशांनी विचारलं. "मशीन आलं होतं की नव्हतं?"

नियाजभाई उठले.

"नव्हतं आलं, साहेब."

"मग या हिरव्या कापडाखाली काय आहे?"

नियाजभाईंनी आधी मागे ओवेसभाईंकडे पाहिलं, मग न्यायाधीशांकडे.

"फ्रिज आहे, साहेब. आमच्या घरातला."

मागे कुणीतरी खोकलं. नियाजभाई आता थांबेनात. "पत्रिका वाटून झाल्या होत्या, साहेब. मालेगावहून मेहुणे निघाले होते. मशीनवाला म्हणाला, ट्रक घोटीपर्यंत पोचलाय. पाहुण्यांना काय सांगू? म्हणून फ्रिज खाली दुकानात आणला, वर कापड टाकलं. मशीन नाजूक आहे, कापड उचलायचं नाही, असं सगळ्यांना सांगितलं."

तेजस्विनी मॅडमनी फोटो मागून घेतला आणि डोळ्यांजवळ धरला. "साहेब, कापडाच्या खाली पाहा. फ्रिजचं प्लास्टिकचं स्टँड दिसतंय. त्यावर फ्रिजच्या कंपनीचं स्टिकरही आहे."

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बराच वेळ फोटो पाहिला. बँकेच्या वकिलांनीही मान वाकवून पाहिला आणि ते मुकाट्याने खाली बसले.

"मशीन मिळालं की नाही, हा तपासण्यासारखा मुद्दा आहे," न्यायाधीश म्हणाले. "बचावाची परवानगी देण्यात येते. विनाअट." मग नियाजभाईंकडे पाहून म्हणाले, "यापुढे वकिलांना आधी सगळं सांगत जा."

बाहेर व्हरांड्यात ओवेसभाई भिंतीला टेकून उभे होते. नियाजभाई त्यांच्यासमोर जाऊन थांबले.

"दुलाभाई, माफ करा."

ओवेसभाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. मग म्हणाले, "फीत कापताना आतून घुर्र घुर्र आवाज आला होता. मी समजलो, मशीन गरम होतंय."

"आत मटण होतं. बायकोने प्लग काढू दिला नाही."

ओवेसभाईंच्या मिश्या हलल्या. मग खांदे. मग ते भिंतीला धरून इतके हसले की शिपायाने येऊन दोघांना जिन्याने खाली पाठवलं.

नियाजभाईंचा जीव भांड्यात पडला. खाली उतरल्या उतरल्या त्यांनी घरी फोन लावला.

"आबिदा, परवानगी मिळाली."

"या अल्ला, शुक्र आहे. म्हणजे केस संपली?"

"नाही. केस आता सुरू होणार. आज फक्त भांडायची परवानगी मिळाली."



"त्याला एवढी मोठी वकील लागली?" आबिदा म्हणाली. "माझ्याशी तर वीस वर्षं विनापरवानगी भांडताय."