भिंतभर रंधे आणि एक घट्ट दार

वझलवारकाकांच्या पोर्चमध्ये स्कूटर उभी राहत नाही, कारण तिथे रंधे राहतात. भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर रंधे. बोटाएवढे, हातभर लांब, सपाट तळाचे, गोल तळाचे, सगळे त्यांनी स्वतः बनवलेले. घरात बसायला मात्र प्लास्टिकच्या खुर्च्या.

"एखादं स्टूल तरी करा की, काका," मी एकदा म्हटलं.

"स्टूल बाजारात मिळतं, सर."

"रंधाही मिळतो."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. माझ्याबद्दल त्यांचं मत जरा खाली आलं की चष्मा वर जातो.

काका तरुणपणी नागपूरहून या हिंदी मुलखातल्या कारखान्यात फिटर म्हणून आले, निवृत्त झाले आणि आनंद नगरातच राहिले. मी त्यांचा शेजारी. एम. पी. नगरातल्या एका कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवतो. हे कळल्यावर त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "म्हणजे घर्षण तुम्ही शिकवता, आणि मी काढतो."

रंध्यासाठी त्यांना बाभूळच लागते. ठोकळा आणला की तो वर्षभर नुसता ठेवायचा. अधूनमधून उचलून वास घ्यायचा, कानाजवळ धरून टिचकी मारायची आणि परत ठेवायचा. कधी होणार विचारलं तर एकच उत्तर, "लाकूड अजून बसायचंय." पातं गोविंदपुऱ्यातल्या भंगारातून यायचं. ते ठोकळ्यात बसवून वर लाकडी पाचर ठोकायची, की रंधा तयार. मग त्याची परीक्षा. फळीवरून रंधा सरकला की मागे निघणारं सालपट काका उन्हात धरतात. आरपार उजेड दिसला तर पास. पास झालेली सालपटं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवतात. त्यांचं पुढे काय होतं, हे कॉलनीत कुणालाच माहीत नव्हतं.

कॉलनीला चघळायला दुसराच विषय होता, काकांचं दार. हे दार घट्ट बसतं. खांदा मारल्याशिवाय उघडत नाही आणि उघडताना असं भोकाड पसरतं की कोपऱ्यावरच्या घरात कळतं. आणि काका तर दर थोड्या वेळानं पोर्चमधून उठून आत जातात. खांदा, भोकाड, दोन घोट पाणी, परत बाहेर.

"अंकलजी," समोरचे तिवारीजी गेटवरून ओरडायचे, "इतने रंदे हैं, एक दरवाज़ा नहीं छिलता आपसे?"

"लकड़ी अभी बैठी नहीं है, तिवारीजी."

"मई का महीना है! लकड़ी क्या, हम सूख गए!"

काकूंची नजर साखरेच्या आजारानं गेली आहे. हॉलमधल्या दिवाणावर त्या रेडिओ घेऊन बसलेल्या असतात. नजर गेली, जीभ शाबूत. सुरुवातीला काका पोर्चमधून विचारायचे, "बरी आहेस ना?" आतून उत्तर यायचं, "का? मरतेय का मी? कुकर आहे का मी, सारखं बघायला?" पुढे काकांनी विचारणं सोडून दिलं.

आता माझं सांगतो. मागच्या दिवाळीत काकांनी मला एक रंधा दिला. माझा पंजा हातात धरून, माप घेऊन बनवलेला. "वापरा," म्हणाले, "नाहीतर नुसता ठोकळा आहे." मला कुणी काही दिलं की आनंदाआधी ओझं होतं, आणि हे तर हाताच्या मापाचं ओझं. मी आयुष्यात पेन्सिलपलीकडे काही तासलेलं नाही. तरी ते रस्त्यात भेटून "कसा चाललाय?" विचारायचे, तेव्हा मी "एकदम मस्त" म्हणायचो आणि घरी येऊन त्या रंध्यावरची धूळ पुसायचो. ते खूश व्हायचे, हेच मला जास्त लागायचं.

शेवटी मी ठरवलं, रंधा एकदा तरी वापरायचा, आणि तो त्यांच्याच दारावर. परतफेडही होईल, खोटंही खरं होईल. एका रविवारी काका गोविंदपुऱ्याला गेलेले पाहिले आणि रंधा घेऊन पोचलो. खांदा मारला. दारानं भोकाड पसरलं.

"आलात? इतक्यात?" आतून काकू म्हणाल्या. आवाज एकदम सैल होता. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"मी आहे काकू, शेजारचा."

"सर होय?" आवाज परत नेहमीचा झाला. "काय काढलंत?"

"दार रंधून देतो. काकांना सांगू नका, गंमत आहे."

काकूंनी रेडिओ बंद केला. "आधी काठाला हात लावून बघा," त्या म्हणाल्या. "मी बघितलाय."

मी दार पूर्ण उघडून कडीच्या बाजूचा काठ पाहिला. दार हिरवं, पण काठ बिनरंगाचा. बोट फिरवलं तर पापुद्रे लागले. एकावर एक डिंकानं चिकटवलेली सालपटं, इतकी पातळ की उजेड आरपार जावा. खालची काळवंडलेली, वरची ताजी. उन्हानं दार आकसलं की एक थर. परत सैल झालं की आणखी एक. आयुष्यभर लाकूड उतरवण्याचा ध्यास घेतलेला माणूस इथे ते चढवत बसला होता.

"त्यांना वाटतं, दार माझ्यासाठी वाजतं ठेवलंय हे मला कळत नाही," काकू म्हणाल्या. "दिवसातून एवढ्या वेळा कुणाला तहान लागते हो?"

फाटक वाजलं. मी घाईनं दार ओढून घेतलं आणि रंधा हातात धरून पायरीवर उभा राहिलो. काका भंगाराची पिशवी घेऊन येत होते. त्यांनी रंध्याकडे पाहिलं, मग दाराकडे. चष्मा कपाळावर गेला.

"काय सर? चालला का रंधा?"

"नाही काका," मी म्हटलं. "लाकूड अजून बसायचंय."

काकांनी दाराच्या फटीवरून अंगठा फिरवला, वरपासून खालपर्यंत. मग चष्मा नाकावर घेतला, पिशवी माझ्या हातात दिली आणि दाराला खांदा मारला.

"आलात?" आतून आलं.

"पाणी प्यायला," काका म्हणाले.